पडद्यावरील जुळणी : संगणकाच्या डेस्कटॉपचे सामाईक सुटे भाग

कंपोझिटर हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. छापखान्यात खिळे जुळवून पान उभे करणारा कारागीर तो कंपोझिटर. मजकूर त्याचा नसतो, चित्राचा ब्लॉकही त्याचा नसतो. परंतु कोणती ओळ कोठे बसावी, चित्राला किती जागा द्यावी, हे त्याच्या हातून ठरते. मात्र तो आपले खिळे स्वतः ओतीत बसत नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात ओतविलेले सुबक देवनागरी खिळे इतर छापखानेही वापरीत असत. प्रत्येक छापखान्याने आधी स्वतःची ओतशाळा उघडावी असा दंडक असता, तर लहान गावांतून वृत्तपत्रे निघालीच नसती.

संगणकाच्या पडद्यामागेही असाच एक कंपोझिटर काम करीत असतो आणि त्याच्यापुढेही ओतशाळेचा हाच प्रश्न गेल्या काही वर्षांत उभा राहिला. ज्यांची मूळ संहिता सर्वांना वाचता, बदलता व वाटता येते अशा ओपन सोर्स प्रणालींच्या जगात तो प्रश्न कसा उत्पन्न झाला व कसा सुटला, याचा परिचय करून देणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

पडद्यावर काय घडते?

आपल्यासमोर पडद्यावर तीन खिडक्या उघड्या आहेत अशी कल्पना करू. एकीत पत्र लिहिले जात आहे, दुसरीत चित्रपट चालू आहे आणि तिसरीत घड्याळ आहे. ही तिन्ही कामे करणारे प्रोग्रॅम परस्परांपासून स्वतंत्र असतात. प्रत्येक प्रोग्रॅम आपले चित्र संगणकाच्या स्मृतीतील एका कोऱ्या कागदावर काढतो. या कागदाला बफर म्हणतात. कंपोझिटर हे सर्व कागद गोळा करतो, कोणता वर व कोणता खाली हे ठरवितो, त्यांतून एक अखंड चित्र तयार करतो आणि ते पडद्याकडे धाडतो. कळफलकावरची कळ दाबली गेली की ती कोणत्या खिडकीसाठी आहे, हेही तोच ठरवितो.

हे काम किती वेगाने करावे लागते, याचा हिशेब करून पाहू. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरल्यास एका चित्रास ८२,९४,४०० बाइट लागतात. पडदा सेकंदाला ६० वेळा उजळला जातो. तेव्हा प्रत्येक वेळी संपूर्ण चित्र नव्याने काढावयाचे म्हटल्यास सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट हलवावे लागतील. शिवाय प्रत्येक चित्रासाठी मिळणारा अवधी एका सेकंदाच्या साठाव्या भागाइतकाच. तो चुकला की चित्र अडखळते. चुकीच्या क्षणी कागद बदलला तर वरचा अर्धा भाग नवा आणि खालचा जुना असे फाटलेले चित्र दिसते.

जुनी व्यवस्था

युनिक्स व लिनक्स संगणकांवर ही व्यवस्था दीर्घकाळ एक्स विंडो सिस्टिमकडे होती. अमेरिकेतील मासॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ साली तिचा आरंभ झाला आणि १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली. या व्यवस्थेत कामाची वाटणी होती. एक्स सर्व्हर हा मध्यवर्ती प्रोग्रॅम पडदा, कळफलक व माउस सांभाळी, आणि खिडक्यांची मांडणी करणारा विंडो मॅनेजर हा त्याच्यापासून निराळा, छोटा प्रोग्रॅम असे.

या वाटणीचा मोठा लाभ असा की, स्वतःच्या आवडीचा विंडो मॅनेजर लिहिणे एकट्यादुकट्या माणसाच्याही आवाक्यात होते. डीडब्ल्यूएम नावाच्या विंडो मॅनेजरच्या कर्त्यांनी तर आपला प्रोग्रॅम २,००० ओळींच्या पुढे जाऊ द्यावयाचा नाही, असा नियमच करून घेतला. अवघड भाग सर्व्हरने उचललेला असल्यामुळेच हे शक्य होते.

परंतु काळ बदलला. खिडक्यांचे कागद एकत्र करून मग पडद्यावर मांडण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा २००४ साली एक्समध्ये तशी सोय मागाहून जोडण्यात आली. आता मांडणी करणारा एक, कागद एकत्र करणारा दुसरा आणि पडदा सांभाळणारा तिसरा, असे हेलपाटे सुरू झाले. दुसरा दोष अधिक गंभीर होता. एक्सशी जोडलेला कोणताही प्रोग्रॅम सामान्यतः इतर खिडक्यांतील चित्र पाहू शके आणि दुसऱ्या खिडकीसाठी दाबलेल्या कळाही टिपू शके. परस्परांवर विश्वास असलेल्या संशोधकांच्या प्रयोगशाळेत हे खपून गेले. ज्या संगणकावर बँकेचा सांकेतिक शब्द टाइप केला जातो, तेथे ते खपण्यासारखे नाही.

वेलँड आणि त्याची किंमत

२००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँड या नव्या व्यवस्थेस आरंभ केला. २०१२ साली तिची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. वेलँड हा मुळात प्रोग्रॅम नव्हे. खिडकीवाल्या प्रोग्रॅमने कंपोझिटरशी कोणत्या भाषेत बोलावे, याविषयीचे ते नियम आहेत. अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. या योजनेत पूर्वीची तीन कामे एकाच ठिकाणी आणली गेली. सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि कागद एकत्र करणारा हे तिघेही आता एक, आणि त्याचेच नाव कंपोझिटर. हेलपाटे थांबले. कळ कोणाला द्यावयाची हे एकाच ठिकाणी ठरू लागल्यामुळे एका खिडकीने दुसरीवर पाळत ठेवण्याची वाटही बंद झाली.

मात्र यासाठी किंमत मोजावी लागली, आणि ती लहानांना मोजावी लागली. पूर्वी खिडक्यांची एखादी नवी मांडणी सुचली तर दोन हजार ओळींत ती साकार करता येई. आता त्याच मांडणीसाठी संपूर्ण सर्व्हर लिहिणे प्राप्त झाले. कर्नलच्या साहाय्याने पडदे ओळखणे, त्यांची योग्य मापे निवडणे, चालू संगणकाला नवा पडदा जोडला अथवा काढला तरी डाव न मोडू देणे. कळफलक, माउस, स्पर्शपट यांच्या खुणा वाचणे. ग्राफिक्स कार्डाकडून चित्र रंगविणे. प्रोटोकॉलमधील प्रत्येक विनंतीस नियमानुसार उत्तर देणे. एका खिडकीतून कापलेला मजकूर दुसरीत चिकटविणे. आणि जे जुने प्रोग्रॅम अद्याप एक्सचीच भाषा बोलतात त्यांच्यासाठी एक्सवेलँड नावाचा दुभाषी सांभाळणे, ही सर्व कामे त्यात आली.

नोम आणि केडीई या दोन मोठ्या डेस्कटॉपांना हे झेपले. नोमचा मटर आणि केडीईचा केविन हे कंपोझिटर त्यांनी आपापल्या बळावर वेलँडसाठी घडविले. पण ज्यांच्यामागे दोनचार हौशी कार्यकर्तेच होते, त्यांनी काय करावे? खिळे ओतण्याची ऐपत नाही म्हणून छापखानाच बंद करावयाचा काय?

सुट्या भागांची लायब्ररी

अनेक प्रोग्रॅमांना वापरता यावी अशा रीतीने लिहून ठेवलेल्या तयार संहितेला लायब्ररी म्हणतात. कंपोझिटरसाठी अशी लायब्ररी करण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. वेलँडसोबत नमुन्यादाखल वाढविलेल्या वेस्टन या कंपोझिटरचा गाभा २०१६ साली लायब्ररी म्हणून वेगळा काढण्यात आला. डब्ल्यूएलसी नावाची दुसरी एक लायब्ररीही होती. २०१५ साली ड्र्यू डीव्हॉल्ट यांनी सुरू केलेला स्वे हा कंपोझिटर प्रथम तिच्यावरच उभा होता.

परंतु डब्ल्यूएलसीमध्ये एक अडचण जाणवू लागली. ती कामे करून देई खरी, पण कशी करते ते झाकून ठेवी. स्वेला एखादी गोष्ट निराळ्या रीतीने करावयाची असली, तर लायब्ररीच आडवी येई. म्हणून २०१७ साली स्वेच्या कार्यकर्त्यांनी इतर काही प्रकल्पांच्या सहकार्याने डब्ल्यूएलरूट्स ही नवी लायब्ररी हाती घेतली. स्वेची १.० आवृत्ती २०१९ साली निघाली ती या नव्या पायावर.

या लायब्ररीमागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. तयार घर देऊ नये. विटा, चौकटी आणि कड्याकोयंडे द्यावेत, आणि घर कसे बांधावे हे बांधणाऱ्यावर सोपवावे. पडद्याशी बोलणारा भाग निराळा, रंगविणारा निराळा, कळा वाचणारा निराळा, प्रोटोकॉलच्या प्रत्येक शाखेचा भाग निराळा. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. उदाहरणार्थ, एखाद्या खिडकीने ‘मला संपूर्ण पडदा हवा’ अशी विनंती केली, तर लायब्ररी ती नियमांनुसार वाचते आणि कंपोझिटरला वर्दी देते. विनंती मान्य करावयाची की नाही, मान्य केल्यास इतर खिडक्यांचे काय करावयाचे, याविषयी लायब्ररी मौन पाळते. यंत्रणा सामाईक असावी, धोरण ज्याचे त्याचे असावे, हे यातील सूत्र होय.

कर्त्यांनी आपल्या लायब्ररीची ओळख करून देताना म्हटले आहे की, ज्या सुमारे ६०,००० ओळी तुम्हाला एरवीही लिहाव्याच लागल्या असत्या, त्या येथे लिहून ठेवल्या आहेत. त्यात विनोद आहे, तसाच हिशेबही आहे. डीडब्ल्यूएमच्या धर्तीवर वेलँडसाठी डीडब्ल्यूएल नावाचा कंपोझिटर निघाला, तो या पायामुळे पुन्हा त्याच आटोपशीर आकारात राहू शकला.

एक उदाहरण : बदललेला भाग

सामाईक भागांची उपयुक्तता नुसत्या ओळींच्या संख्येवरून कळणार नाही. म्हणून एकच भाग जरा बारकाईने पाहू.

पडद्यावरील घड्याळाचा एक आकडा बदलला म्हणून वीस लाख ठिपके पुन्हा रंगविणे हा अपव्यय होय. त्याने वीज खर्च होते आणि बॅटरीवरचा संगणक लवकर थकतो. म्हणून शहाणा कंपोझिटर बदललेला भाग तेवढाच रंगवितो. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु पडद्यासाठी सामान्यतः दोन कागद आलटून पालटून वापरले जातात. एक दाखविला जात असताना दुसरा रंगविला जातो. आता पहिल्या कागदावर घड्याळाचा नवा आकडा रंगविला आणि तो दाखविला. पुढच्या क्षणी पत्रातील एक अक्षर उमटले. कंपोझिटरने दुसरा कागद घेतला व त्यावर तेवढे अक्षर रंगविले. पण या दुसऱ्या कागदावर घड्याळाचा आकडा अजून जुनाच आहे! तो कागद पडद्यावर येताच घड्याळ मागे गेलेले दिसेल आणि पुढच्या पालटीस पुन्हा पुढे येईल. म्हणजे आकडा लुकलुकू लागेल. हे टाळण्यासाठी हाती आलेला कागद किती पालटींपूर्वीचा आहे हे ओळखून, तेव्हापासूनचे सर्व बदल त्यावर चढवावे लागतात. त्यात खिडकी अर्धी दुसरीखाली दडलेली असेल, दोन पडद्यांची मापे भिन्न असतील, एखादा पडदा उभा फिरविलेला असेल, तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो.

आरंभीच्या काळात डब्ल्यूएलरूट्सवर उभ्या असलेल्या कंपोझिटरांना या हिशेबाचा बराचसा भार स्वतःच वाहावा लागे, आणि मग त्याच त्या चुका अनेक ठिकाणी होत. २०२१ सालच्या डिसेंबरात निघालेल्या ०.१५ आवृत्तीत दृश्यवृक्ष हा नवा भाग आला. कोणती खिडकी कोठे व कोणाच्या वर आहे, एवढे कंपोझिटरने या वृक्षात नोंदवावे. कोणता भाग बदलला, कोणता झाकला गेला, काय रंगवावे, हे वृक्ष ठरवितो. चित्रपटाने सारा पडदा व्यापला असेल, तर मधले रंगविणे टाळून त्याचा कागद शक्य असेल तेथे थेट पडद्याच्या यंत्रणेकडे सोपविण्याचे कामही तो करतो. एका ठिकाणी दुरुस्ती झाली की तो भाग वापरणाऱ्या सर्वांना ती लाभते.

कोणी काय उभारले

या पायावर किती भिन्न प्रकारच्या इमारती उभ्या राहिल्या ते पाहण्यासारखे आहे. स्वे खिडक्यांची फरशीसारखी मांडणी करतो. केज हा एका वेळी एकच प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर दाखवितो; माहितीकेंद्रावरील पडद्यास तेवढेच हवे असते. फॉक हा कंपोझिटर मोबाइल फोनसाठी आहे. व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ साली बाजारात आणलेल्या स्टीम डेक या हातातील खेळयंत्रात गेमस्कोप नावाचा कंपोझिटर आहे. त्याने रंगविण्याचे काम स्वतःकडे ठेवून प्रोटोकॉलची बाजू तेवढी या लायब्ररीकडून घेतली. सुटे भाग खरोखरच सुटे असल्याचा हा पुरावा म्हणावा लागेल.

शाळांतून व हौशी लोकांच्या हाती दिसणाऱ्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाचे उदाहरण विशेष बोलके आहे. २०२३ सालच्या ऑक्टोबरात त्याच्या प्रणालीने वेफायर हा कंपोझिटर स्वीकारला आणि एका वर्षाने तो सोडून लॅबडब्ल्यूसी हा हलका कंपोझिटर घेतला. दोन्ही एकाच लायब्ररीवर आधारलेले असल्याने कंपोझिटर बदलला तरी पाया तोच राहिला.

भागांच्या जोडीस नियमांचीही देवाणघेवाण झाली. पडद्याच्या कडेची पट्टी, मागचे चित्र, सूचनांची चौकट हे स्वतंत्र प्रोग्रॅम असावेत आणि त्यांनी तळाशी राहावे की सर्वांवर, हे चार थरांतून सांगावे, असा थरांचा प्रोटोकॉल डब्ल्यूएलरूट्सच्या वर्तुळात निघाला व पुढे केडीईनेही तो वापरात आणला. परिणामी एका डेस्कटॉपची पट्टी दुसऱ्याच्या कंपोझिटरवर चालू शकते. एलएक्सक्यूट या डेस्कटॉपाने २०२४ सालच्या नोव्हेंबरात वेलँडचा मार्ग धरला, तो स्वतःचा कंपोझिटर न लिहिता. त्याच वर्षी डिसेंबरात एक्सएफसीईनेही प्रायोगिक स्वरूपात तेच केले. हे दोन्ही डेस्कटॉप जुन्या, कमी शक्तीच्या संगणकांवर सुखाने चालतात. नवा संगणक घेणे ज्यांना परवडत नाही, अशा वापरकर्त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

मर्यादा

सामाईक पायाचे काही तोटेही आहेत. या लायब्ररीच्या २०२५ सालापर्यंतच्या सर्व आवृत्त्यांचा क्रमांक शून्याने आरंभ होणारा आहे. म्हणजे पुढची आवृत्ती मागचीशी जुळेलच असे वचन कर्त्यांनी दिलेले नाही. नवी आवृत्ती आली की तिच्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक कंपोझिटरला आपली संहिता थोडीफार बदलावी लागते. शिवाय सामाईक प्रकल्पात आपल्या गरजेचा बदल केव्हा होईल हे एकट्याच्या हाती नसते. हायपरलँड या लोकप्रिय कंपोझिटरने २०२४ साली ही लायब्ररी सोडून आपला पाया स्वतः घडविला, तो असेच स्वातंत्र्य पत्करून; अर्थात त्याबरोबर त्याची देखभालही त्याच्याकडे आली.

दुसरा प्रश्न भाषेचा. डब्ल्यूएलरूट्स सी या भाषेत लिहिलेली आहे. या भाषेत स्मृतीचा हिशेब लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागतो आणि चूक झाली तर सारा पडदाच कोसळतो. रस्ट या भाषेत अशा पुष्कळशा चुका प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच पकडल्या जातात. म्हणून स्मिथे ही तशीच सुट्या भागांची लायब्ररी रस्टमध्ये तयार झाली आणि सिस्टिम७६ या कंपनीचा कॉस्मिक हा डेस्कटॉप तिच्यावर उभारला गेला. एकाच लायब्ररीने सर्वांची सोय होईल असे मानण्याचे कारण नाही. ओतशाळाही एकाहून अधिक असतातच.

देवनागरीचा प्रश्न

हा सर्व विषय आपल्या लिपीपर्यंत येऊन पोहोचतो. देवनागरीत लिहिण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. इन्स्क्रिप्टसारख्या मांडणीत प्रत्येक कळेला अक्षर नेमून दिलेले असते. ही मांडणी कंपोझिटर कळफलकाच्या कोष्टकातून वाचतो. दुसऱ्या मार्गात रोमन अक्षरे दाबली असता त्यांतून देवनागरी शब्द घडविला जातो. हे घडविणारा साहाय्यक प्रोग्रॅम निराळा असतो. कळ प्रथम त्याच्याकडे जावी, त्याने शब्द तयार करावा आणि तो योग्य खिडकीत उमटावा, यासाठी वेलँडच्या व्यवस्थेत मध्यस्थ हवा, आणि तो मध्यस्थ कंपोझिटरच.

ज्या कंपोझिटरात ही सोय नाही, तेथे या मार्गाने मराठी लिहिणाऱ्याची अडवणूक होते. आपल्या भाषेसाठी कर्त्याला केवळ रोमन कळाच पुरत असल्या, तर ही उणीव त्याच्या ध्यानातही येत नाही. चिनी व जपानी लेखनालाही अशाच साहाय्यकाची गरज असते. डब्ल्यूएलरूट्समध्ये यासाठी लागणारे भाग आहेत. परंतु वर सांगितलेल्या सूत्राप्रमाणे ते सुटे आहेत. त्यांची परस्परांशी जोडणी प्रत्येक कंपोझिटरला स्वतःच करावी लागते. तेव्हा सामाईक भाग असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. जोडणी अपुरी आहे हे सांगणारा आणि ती पूर्ण करण्यास हात लावणारा वापरकर्ता त्या त्या भाषेतूनच पुढे यावा लागतो.

जिज्ञासूंसाठी

हे काम केवळ परदेशी कंपन्यांच्या तज्ज्ञांनीच करावे, असे त्यात काही नाही. एक्स, वेलँड व डब्ल्यूएलरूट्स यांचे परवाने उदार आहेत. कोणीही त्यांची संहिता वाचावी, बदलावी व वापरावी. डब्ल्यूएलरूट्ससोबत टायनीडब्ल्यूएल नावाचा सुमारे हजार ओळींचा एक नमुना कंपोझिटर दिलेला असतो. खिडकी उघडणे, हलविणे, लहानमोठी करणे एवढेच त्यास येते. तो चालविण्यासाठी आपला नेहमीचा डेस्कटॉप बंद करावा लागत नाही. तो त्याच्यातच एका खिडकीत चालतो, आणि बिघडला तरी ती खिडकी बंद पडण्यापलीकडे फारशी हानी होत नाही. सी भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्याने एखादा आठवडा त्याच्या सान्निध्यात घालवावा. खिडकी हलविणाऱ्या ओळींत थोडा बदल करून काय होते ते पाहावे. पुढे जमल्यास देवनागरीच्या साहाय्यकाची जोडणी त्यात करून पाहावी. स्वे, लॅबडब्ल्यूसी यांच्या संहितेत अशी जोडणी पाहावयास मिळते, आणि ती वाचण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.